एका रजेच्या अर्जाचा इतिहास : ललित साळवे आणि बीडचे पोलीस दल

सप्टेंबर २०१७. बीडच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात माजलगावच्या एका महिला शिपायाचा रजेचा अर्ज दाखल झाला. रजा हवी होती एका महिन्याची आणि कारण होते शस्त्रक्रियेचे. पोलीस खात्यात रजेच्या अर्जांना तोटा नसतो. बंदोबस्त, सण, निवडणुका यांच्या गर्दीत त्यांतले निम्मे अर्ज ‘सोयीनुसार विचार करू’ या शेऱ्याखाली झोपी जातात. हा अर्ज मात्र बीडहून मुंबईला महासंचालकांकडे गेला, तेथून उच्च न्यायालयाच्या दारात पोहोचला आणि शेवटी मुख्यमंत्र्यांच्या कानी पडला. अर्जदाराने रजेसोबत आणखी एक गोष्ट मागितली होती : शस्त्रक्रियेनंतर आपल्याला पुरुष शिपाई म्हणून सेवेत ठेवावे.

आजचा धागा या अर्जाविषयी आणि तो करणाऱ्या ललित साळवे यांच्याविषयी.

आरंभीच भाषेचा एक प्रश्न सोडवून घेणे भाग आहे. इंग्रजीत भूतकाळी क्रियापदाला लिंग नसते. हिंदीत आणि मराठीत असते. मराठीत तर वर्तमानकाळी प्रथमपुरुषातही त्यापासून सुटका नाही. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ यांतले एक रूप निवडल्याशिवाय घराचा उंबरठासुद्धा ओलांडता येत नाही. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या आणि मनाने आपण पुरुष आहोत असे जाणणाऱ्या माणसाला मराठीत दिवसातून शंभर वेळा हा निर्णय करावा लागतो, आणि ऐकणारे शंभर वेळा त्याची नोंद घेतात. २०१७-१८च्या मराठी बातम्या लागोपाठ वाचल्या तर ‘ती’चा ‘तो’ कधी झाला ते तारखेनिशी दाखवता येते. येथे साळवे यांचा उल्लेख प्रारंभापासून ‘ते’ असा केला आहे. स्वतःविषयीचे त्यांचे म्हणणे तेच आहे.

साळवे यांचा जन्म जून १९८८चा. गाव राजेगाव, तालुका माजलगाव. सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण आहे. त्याच्या पाण्यामुळे हा तालुका बीडच्या डोंगरपट्ट्याच्या मानाने ओला. तरीही जिल्ह्याची ओळख बदललेली नाही. दसरा-दिवाळी उरकली की बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक भरून हजारो जोड्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणाऱ्या या अर्थव्यवस्थेत सरकारी नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. मुक्काम न हलवता जगता येण्याची ती हमी असते. महिन्याच्या महिन्याला खात्यात येणारे वेतन, आजारपणात रजा, कर्ज मिळवण्याची पत, सोयरिकीत वाढणारे वजन हे सारे तिच्यासोबत येते. साळवे यांच्यासारख्या सामान्य, कष्टकरी घरातून आलेल्या मुलासाठी खाकी वर्दीचा अर्थ हा होता, आणि पुढे नोकरी गमावण्याचा धोका उभा राहिला तेव्हा पणाला लागले होते तेही हेच.

जन्मवर्षाशी जोडलेला एक योगायोग सांगण्याजोगा आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तोही १९८८मध्येच. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. पुढे २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली एवढे खाली गेलेले प्रमाण राज्यात बीडचेच निघाले. २००१मध्ये ते ८९४ होते. मूल मुलगा आहे की मुलगी, या एका प्रश्नावर ज्या जिल्ह्यात अनेकांच्या जन्माचाच निकाल लागत होता, त्या जिल्ह्यात साळवे यांची नोंद ‘मुलगी’ अशी झाली आणि घराने त्यांना वाढवले. नाव ठेवले ललिता.

साळवे पोलीस दलात दाखल झाले ते २०१०च्या सुमारास, महिलांच्या जागेवर. त्या जागांमागेही इतिहास आहे. महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण जाहीर केले आणि शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण ठेवले. पोलीस दलाची दारे ग्रामीण मुलींना मोठ्या संख्येने उघडली ती या धोरणामुळे. भरतीच्या मैदानावर दोन रांगा लागू लागल्या. शिपाई पदासाठी पुरुषाची किमान उंची १६५ सेंटिमीटर, स्त्रीची १५५. छातीचे माप फक्त पुरुषांचे. धावण्याचे अंतर वेगळे, गोळ्याचे वजन वेगळे. न्यायाच्या हेतूने केलेली ही व्यवस्था होती आणि तिचा उपयोगही झाला. मात्र तिने प्रत्येक उमेदवार कायमचा एका रकान्यात बसवला. एका रकान्यातून दुसऱ्यात जायचे असेल तर काय करावे, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांचा तो दोष म्हणता येणार नाही. तशी मागणी करणारे तोवर कोणी समोर आले नव्हते.

२०१३मध्ये साळवे यांना शरीरात बदल जाणवू लागले. वैद्यकीय तपासण्या झाल्या आणि गुणसूत्रांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. सामान्यतः स्त्रीच्या पेशींत एक्स गुणसूत्रांची जोडी असते, तर पुरुषाच्या पेशींत एक एक्स आणि एक वाय. जन्मलेल्या बाळाची गुणसूत्रे मात्र कोणी तपासत नाही. सुईण, परिचारिका किंवा डॉक्टर बाह्य अवयव पाहून एक शब्द उच्चारतात, तो कागदावर उतरतो आणि मग शाळेचा दाखला, शिधापत्रिका, भरतीचा अर्ज, सेवापुस्तक या साखळीत एका कागदाचा पुरावा दुसऱ्या कागदाला लागतो. काही बालकांत अवयवांची वाढ अपुरी असते आणि पहिलाच शब्द चुकतो. डॉक्टरांनी जेंडर डिस्फोरिया, म्हणजे नोंदलेले लिंग आणि स्वतःची जाणीव यांतील विसंगतीतून येणारी तीव्र अस्वस्थता, असे निदान केले आणि शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

गुणसूत्राचा अहवाल म्हणजे अंतिम निकाल, असा समज येथे होऊ शकतो. तो बरोबर नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील धावपटू शांती सौंदराजन यांनी २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. लिंगचाचणीत त्या अनुत्तीर्ण ठरल्या आणि पदक काढून घेण्यात आले. शांती स्त्री म्हणून वाढल्या होत्या, स्वतःला स्त्रीच मानत होत्या आणि आजही मानतात. प्रयोगशाळेने एकाला ‘तुमचे म्हणणे खरे आहे’ असे सांगितले, दुसरीला ‘तुमचे म्हणणे खोटे आहे’ असे. दोघांनाही सरकारी यंत्रणेने प्रथम नकारच दिला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

सप्टेंबर २०१७मध्ये अर्ज आला तेव्हा बीडचे पोलीस अधीक्षक जी. श्रीधर होते. जिल्हा पातळीवर असा निर्णय घेता येण्यासारखा नव्हता. अर्ज महासंचालक कार्यालयाकडे गेला आणि नोव्हेंबरपर्यंत नकार आला. कारण नियमांना धरून होते : पुरुष शिपाई आणि महिला शिपाई यांच्या भरतीचे शारीरिक निकष निराळे आहेत. महिलांच्या निकषावर निवडलेली व्यक्ती पुरुषांच्या पदावर कशी ठेवायची?

हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. प्रशासनाच्या आतून पाहिले तर तो सरळ होता, कारण एकाला सूट दिली की समान संधीच्या तत्त्वावर दुसरा न्यायालयात जाऊ शकतो. पण त्यात एक फट होती. निकष भरतीचे होते आणि भरती होऊन सात वर्षे लोटली होती. सात वर्षे ज्या शिपायाने गस्त घातली, बंदोबस्त केला, ठाण्यात रात्रपाळ्या काढल्या, त्याची कामाची पात्रता सिद्ध झालेली होती. सेवेत असताना जखमी झालेल्या किंवा वयाने थकलेल्या पोलिसाला कोणी पुन्हा मैदानात नेऊन उंची-छाती मोजत नाही. मग येथेच टेप का काढावी?

बीड आणि ‘लिंगाची नोंद’ यांचा संबंध जुना आहे, म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक ठरते. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ज्या लष्करी कारवाईने ते भारतात आले तिला आजही मराठवाड्यात ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. १९५६मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी होईतो जिल्ह्याचा कारभार हैदराबादेतून चालला. या संस्थानाने १३२९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९१९च्या सुमारास, तृतीयपंथीयांविषयी एक कायदा केला होता. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील अशा अन्य ठिकाणी राहणाऱ्या तृतीयपंथीयांची नावे व पत्ते सरकारी नोंदवहीत ठेवण्याची त्यात तरतूद होती. स्त्रीवेषात किंवा दागिने घालून सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास, नाचताना-गाताना आढळल्यास विनावॉरंट अटक करता येत असे. ब्रिटिश हद्दीतील १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाची ही धाकटी बहीण. तेलंगणात हा कायदा कागदोपत्री जिवंत राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२३मध्ये.

साळवे त्या समाजाचे नाहीत आणि त्या कायद्याचा त्यांच्या प्रकरणाशी कायदेशीर संबंधही नाही. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एका काळी नोंदवही पोलिसाच्या हातात होती आणि तिच्यात नाव येणे म्हणजे संशयित ठरणे होते. शंभर वर्षांनी त्याच जुन्या संस्थानाच्या एका जिल्ह्यातला पोलीस स्वतःच खात्यापुढे उभा राहून सांगत होता की, नोंदवहीतील माझी नोंद दुरुस्त करा.

दरम्यान कायद्याची जमीन हलली होती. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला. आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि तो घटनेने दिलेल्या प्रतिष्ठेच्या व स्वातंत्र्याच्या हक्कांत येतो, असे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांच्या पीठाने सांगितले. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने करूर जिल्ह्यातील एका महिला शिपायाची बडतर्फी रद्द केली. वैद्यकीय तपासणीत ती ‘स्त्री नाही’ असे ठरवून तिला काढण्यात आले होते. २०१५मध्ये त्याच न्यायालयाने पृथिका याशिनी यांचा उपनिरीक्षकपदाचा मार्ग मोकळा केला. नोव्हेंबर २०१७मध्ये, साळवे मुंबईत न्यायालयाची पायरी चढत होते त्याच महिन्यात, राजस्थान उच्च न्यायालयाने जालोरच्या गंगा कुमारी यांना शिपाईपदी नेमणूक देण्याचा आदेश दिला.

या सर्व प्रकरणांत खात्याने दार बंद केले होते किंवा दाराबाहेर काढले होते. साळवे यांचे प्रकरण त्यांहून वेगळे, आणि एका अर्थी अधिक अवघड. ते आतच होते. त्यांच्या वर्तनाविषयी, कामाविषयी काहीही तक्रार नव्हती. ते महिला शिपाई म्हणून राहिले असते तर कोणी हूं की चूं केले नसते.

नोव्हेंबर २०१७मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. लिंगाची निवड हा मूलभूत हक्काचा भाग आहे आणि महासंचालकांना रजा देण्याचा आदेश व्हावा, ही मागणी. न्यायालयाने मागणीच्या गुणावगुणांत न शिरता सांगितले की हा सेवाविषयक वाद आहे, तेव्हा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे. माध्यमांतून काहींनी याला ‘न्यायालयाचा नकार’ म्हटले. ते अचूक नव्हते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद ऐकण्यासाठी घटनेच्या ३२३-अ अनुच्छेदाखाली अशी न्यायाधिकरणे स्थापन झाली आहेत. १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असे वाद प्रथम तेथेच जावेत आणि तेथील निर्णयावर उच्च न्यायालयाने नजर ठेवावी. म्हणजे न्यायालयाने रूढ वाटच दाखवली होती. तरी त्या वळणाने एक गोष्ट उघड केलीच : याचिकाकर्त्याच्या लेखी जो जगण्याचा प्रश्न होता, तो व्यवस्थेच्या लेखी ‘सेवाविषयक बाब’ होता. गंमत अशी की पुढे सुटकाही याच कोरड्या शब्दामुळे झाली. सेवाविषयक बाब शासन आपल्या अधिकारात सोडवू शकते.

एव्हाना राजेगावच्या शिपायाचे नाव देशभर झाले होते. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे गृहखाते होते. त्यांनी या मागणीचा सहानुभूतीने विचार करण्यास खात्याला सांगितले. त्यानंतरही काही महिने गेले. अशा प्रकरणात थांबणे म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. बातम्यांत छायाचित्र छापून आलेले, गावात-ठाण्यात सर्वांना सर्व ठाऊक झालेले, आणि अंगावर अजून महिला शिपायाची नोंद असलेली वर्दी. त्या काळात साळवे ड्युटी करीतच होते.

मे २०१८मध्ये शासनाची परवानगी मिळाली. २५ मे रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात डॉ. रजत कपूर यांच्या पथकाने पहिली शस्त्रक्रिया केली. जूनमध्ये साळवे रुग्णालयातून बाहेर पडले. २०१८ ते २०२० या काळात एकूण तीन शस्त्रक्रिया झाल्या. ललिताचे ललित झाले, आणि नोकरी कायम राहिली. वृत्तपत्रांनी या साऱ्याला ‘लिंगबदल’ म्हटले. शब्द सोपा आहे, पण डॉक्टरांच्या आणि खुद्द साळवे यांच्या दृष्टीने जे मुळात होते त्याला शरीराची जोड मिळाली, एवढेच घडले होते. सरकारी हा शब्द वर मुद्दाम वापरला आहे. महानगरातील खासगी रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियांचा खर्च शिपायाच्या पगाराच्या आवाक्याबाहेरचा असतो.

इतिहासकाराने येथे थोडे कठोर व्हायला हवे. साळवे यांना मिळाले ते प्रशासकीय सौजन्यातून. न्यायालयाचा निकाल नव्हता, म्हणून पुढच्या अर्जदाराला दाखवण्यासाठी दाखला नव्हता. नियमांतही दुरुस्ती झाली नाही. मध्य प्रदेशच्या गृहखात्याने एका महिला शिपायाला अशीच परवानगी दिली ती डिसेंबर २०२१मध्ये. उत्तर प्रदेशातील एका महिला शिपायाला २०२३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात जावे लागले, तेही केवळ आपल्या प्रलंबित अर्जावर निर्णय व्हावा म्हणून. खुद्द महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांखेरीज तिसरा पर्याय नव्हता. न्यायाधिकरणाने तसा पर्याय देण्यास सांगितले तेव्हा शासनच त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२मध्ये न्यायालयाने शासनाला खडसावले आणि मग पर्याय देण्याचे व शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे शासनाने मान्य केले. ज्या राज्याने साडेचार वर्षांपूर्वी माजलगावच्या शिपायाला परवानगी दिली होती, तेच हे राज्य. सौजन्य आणि नियम यांत हे अंतर असते.

तरीही सौजन्य कमी लेखण्याचे कारण नाही. न्यायनिवाड्यांच्या संग्रहात ज्यांची नावे आहेत त्यांपैकी अनेकांची उमेदीची वर्षे तारखांमध्ये गेली. साळवे यांची वर्षे वाचली. सेवेत खंड न पडता, ठाणे न सोडता, ज्यांनी त्यांना ललिता म्हणून पाहिले होते त्याच सहकाऱ्यांत आणि त्याच तालुक्यात ते ललित म्हणून उभे राहिले. हे शौर्याच्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद होऊ शकेल. अनोळखी शहरात नवे नाव घेऊन जगणे सोपे असते, हे मात्र कोणीही मान्य करील.

फेब्रुवारी २०२०मध्ये त्यांचे लग्न झाले. वधू तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. महिनाभरातच टाळेबंदी लागली आणि राज्यातील प्रत्येक पोलीस शिपायाच्या घरचे वेळापत्रक कोलमडले. हळदीचा रंग पुरता उतरण्याआधी नवऱ्याला नाकाबंदीवर पाठवणारी घरे त्या उन्हाळ्यात राज्यभर होती. त्यानंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत साळवे यांच्याविषयी बातमी देण्यासारखे फारसे काही घडले नाही. या माणसाने २०१७मध्ये मागितले होते ते हेच. नोकरी आणि घर, दोन्ही इतरांसारखे.

१५ जानेवारी २०२४ रोजी त्यांना मुलगा झाला. पत्नीलाही मूल हवे होते आणि घर आनंदात आहे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. जन्माची माहिती कायद्याप्रमाणे २१ दिवसांत निबंधकाकडे नोंदवायची असते, आणि त्या अर्जात पित्याच्या नावासाठी एक ओळ असते.